मिरीची तपकिरी खोली

१२ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला हे वाचण्याआधी जरा नीट टेकून बस. तुझा भाऊ चित्रकलेचा मास्तर झाला आहे.

हसून झालं असेल तर पुढे सांगतो. आमच्या गल्लीच्या टोकाला जी प्राथमिक शाळा आहे, तिथल्या चित्रकलेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मुख्याध्यापिकांना कुणीतरी सांगितलं की मी निवृत्त होईपर्यंत चित्रंच काढत होतो. त्या घरी आल्या. मी त्यांना समजावलं की मी चित्रं नाही, नकाशे काढत होतो. पुलांचे, टाक्यांचे, गटारांचे. त्या म्हणाल्या की मुलं लहान आहेत, त्यांना फरक कळणार नाही. फरक मुलांना पहिल्याच दिवशी कळला. मला कळायला अजून वेळ लागेल असं दिसतंय.

बाईंनी जाताना आखणी करून ठेवली आहे. दर पंधरवड्याला एक मोठा चित्रकार, नाहीतर एखाद्या दूरच्या देशातले लोक घ्यायचे. त्यांची चित्रं मुलांना दाखवायची आणि त्यावरून मुलांनी स्वतःचं काहीतरी करायचं. नक्कल नको, असं लिहून खाली दोनदा रेघ मारली आहे. आता नक्कल नको तर दाखवायचं कशाला? आणि दाखवल्यावर मुलं दुसरं काय करणार? मी दोन दिवस त्या रेघांकडे बघत बसलो.

पहिलाच चित्रकार असा निघाला की ज्याने बाईच्या चेहऱ्यावर दोन्ही डोळे एकाच बाजूला काढलेत. मुलांनी विचारलं की ही समोर बघते आहे की बाजूला. मी म्हणालो, दोन्हीकडे. त्यांना पटलं. मला नाही पटलं. एका मुलाने आपल्या वडिलांना तीन डोळे काढले. का म्हणून विचारलं तर म्हणाला की बाबा बस चालवतात, त्यांना आरशातही बघावं लागतं. मी तिसरा डोळा खोडायला सांगणार होतो, पण खोडरबर परत खिशात ठेवलं. बरोबर केलं की चूक, तू सांग. तुझी अख्खी हयात या कामात गेली आहे आणि घरात चित्रकलेवर बोलण्याचा हक्क तुझाच आहे.

तब्येतीला जप. माझ्या अज्ञानाला हसलीस तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझा,
भाऊ

२० जून

चि. भाऊस,

अ. उ. आ. वि.

अक्षर पाहून दचकू नकोस. मनगट मुरगळलं आहे, म्हणून खालच्या मजल्यावरच्या वहिनी माझं पत्र लिहून देत आहेत. त्या कपडे शिवतात, त्यामुळे त्यांच्या ओळी तुझ्या ओळींपेक्षा सरळ आहेत. बघ आणि जळ.

तुझं पत्र ऐकून आम्ही दोघी पोट धरून हसलो. लहानपणी तू चंद्रसुद्धा कंपासने काढायचास आणि मग मधल्या भोकाला रडायचास. अशा माणसाच्या हाती मुलं दिली आहेत. मुख्याध्यापिका धाडसी आहेत.

तिसरा डोळा खोडला नाहीस, ते उत्तम केलंस. हा मुलगा त्या चित्रकाराची नक्कल न करता त्याचा विचार उचलून घरी घेऊन गेला. बाईंच्या दोन रेघांचा अर्थ एवढाच आहे. आता एकच गोष्ट सांगते, ती पक्की लक्षात ठेव. मुलाच्या चित्रावर आपली पेन्सिल कधी चालवायची नाही. तुला सवय आहे रेषा सरळ करायची. वर्गात जाताना ती घरी ठेवून जा.

आणि शिकवण्याआधी विचार. हे काय आहे, असं नको विचारूस, त्याने मुलं घाबरतात. याबद्दल सांग, एवढंच म्हण आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जमेल का, ही मला शंका आहे.

मुलांची चित्रं मला पाठव. वर्षानुवर्षं रोज पन्नास चित्रं बघायची सवय, आता भिंतीकडे बघून दिवस काढते.

जेवणाची हेळसांड करू नकोस. थोरल्या बहिणीचा जीव टांगणीला लावू नये, एवढं ऐक.

तुझी,
ताई

१५ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

या पत्राबरोबर मोठं पाकीट येत आहे. पोस्टातल्या माणसाने ते दुमडायला घेतलं तेव्हा मी त्याच्याशी भांडलो. मला वाटतं, मी मास्तर व्हायला लागलो.

मधल्या काळात गुहेतले हात झाले. फार जुन्या काळच्या माणसांनी दगडावर पंजा ठेवून त्याभोवती रंग फुंकला आणि ते पंजे अजून तिथे आहेत, हे सांगितल्यावर सगळी आपापल्या पंजांकडे बघायला लागली. मग एकीने विचारलं की त्यांनी हात का उमटवले. मी तुझा मंत्र वापरला आणि गप्प बसलो. एक म्हणाला, ओळख ठेवायला. दुसरा म्हणाला, हात पुसायला दुसरं काही नव्हतं म्हणून. यातलं बरोबर कुठलं, ते मलाही माहीत नाही. ताई, तुझ्या या धंद्यात बरोबर उत्तर कुठे लिहून ठेवलेलं असतं?

आत्ता पाठवतोय त्या चित्रांचा विषय आहे 'माझी खोली'. एका चित्रकाराने आपली झोपायची खोली काढली होती. पिवळा पलंग, दोन खुर्च्या, जमीन अशी तिरकी की पलंग घसरून आपल्या अंगावर येईल. नकाशा म्हणून मी तो कधीच पास केला नसता. पण मुलांना ती खोली फार आवडली. त्यावरून सगळ्यांनी आपापल्या खोल्या काढल्या. कुणाच्या पलंगाखाली मांजर आहे, कुणाच्या खोलीत सहा माणसं झोपली आहेत.

एक चित्र मात्र मला उलगडत नाही. वर्गातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात तिखट मुलगी, जिला मी मिरी म्हणतो आणि आता सगळेच म्हणतात, तिने अख्खा कागद तपकिरी रंगवला आहे. खाली तळाशी एक पिवळी पट्टी. संपलं. पलंग नाही, खिडकी नाही. मला तर तो नांगरलेल्या शेताचा छेद वाटला. मी म्हणालो, याबद्दल सांग. ती म्हणाली, ही माझी खोली. मी गप्प बसलो, तीही गप्प बसली. ती माझ्याहून चांगली गप्प बसते.

पिवळ्या पट्टीत दोन ठिकाणी रंग लागायचा राहून गेला होता. चित्र तुझ्याकडे जाणार म्हणून मी तेवढा भरून घेतला. तू पेन्सिल म्हणाली होतीस, ब्रश नाही, तेव्हा रागावू नकोस.

प्रत्येक चित्राबद्दल दोन ओळी लिही. मी मुलांना सांगितलंय की माझी ताई मोठी जाणकार आहे आणि ती उत्तर पाठवणार आहे. सगळी वाट बघत आहेत.

मनगट बरं झालं का? पत्रात आळस नको. तुझ्या दोन ओळींवर माझी इभ्रत अवलंबून आहे.

तुझा,
भाऊ

२६ जुलै

चि. भाऊस,

अ. उ. आ. वि.

पाकीट मिळालं. सगळी चित्रं गोड आहेत, मुलांना माझी शाबासकी सांग. रंग छान लावलेत. मांजर फार आवडलं. मिरीची खोलीही सुंदर. खिडकीतून दिसणारं निळं आकाश आणि पलंगावरची चादर तिने मन लावून काढली आहे, तिला मुद्दाम सांग.

आज जास्त लिहीत नाही. ओळी वाकड्यातिकड्या आल्यात, समजून घे. माया आहे तशीच आहे.

तुझी,
ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा फाडलं आणि तिसऱ्यांदा लिहितो आहे. तुझं उत्तर मी वर्गात मोठ्याने वाचलं. आधी डोळ्यांखालून घालायला हवं होतं, पण मी उत्साहात होतो. मिरीचं नाव आलं तेव्हा ती उभी राहिली. निळं आकाश वाचलं तेव्हा खाली बसली.

तिच्या चित्रात खिडकी नाही, ताई. चादर नाही. निळ्या रंगाचा ठिपकासुद्धा नाही. मी तुला पत्रात तसं लिहिलंही होतं. मुलं हसायला लागली. मिरी रडली वगैरे नाही. तिने रंगांची डबी बंद करून दप्तरात टाकली आणि त्या दिवसापासून कागदाला हात लावलेला नाही. या आठवड्यात आम्ही कागद कापून चित्र करतो आहोत. एक म्हातारे चित्रकार आजारपणात अंथरुणातून कात्रीने चित्रं करायचे, त्यांच्यावरून. सगळा वर्ग कचऱ्याने भरला आहे आणि ती हाताची घडी घालून बसते. तुझं चित्र परत मागवून घरी देऊ का, असं विचारलं तर म्हणाली, ते आता माझं नाही.

मला काहीच समजेनासं झालंय. तू पाकीट उघडलं तरी होतंस का? ज्या बाईने आम्हाला जन्मभर सांगितलं की आधी बघा, तीच न बघता शाबासकी देते? की चित्रकलेत असंच चालतं, जे नाही ते दिसतं आणि जे आहे ते दिसत नाही? मी नकाशेवाला, मला खरंच ठाऊक नाही. चित्रं परत पाठव.

राग आहे, तो लपवत नाही. नमस्कार मात्र रोजच्यासारखाच.

तुझा,
भाऊ

१० ऑगस्ट

ती. दादांस,

सा. न. वि. वि.

मी ताईंच्या खालच्या मजल्यावर राहते. त्यांची पत्रं मीच लिहून देते, तेव्हा अक्षर ओळखाल. हे पत्र मात्र माझं आहे आणि ताईंना न सांगता लिहिते आहे. त्यांना कळलं तर त्या माझ्याशी बोलणार नाहीत, पण तुमचं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं आणि नंतर त्या जशा बसून राहिल्या, ते मला बघवलं नाही.

दादा, मनगट कधीच मुरगळलं नव्हतं. ताईंच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. समोर बघितलं की त्यांना करडा धूर दिसतो, कडेकडेचं थोडं दिसतं. डॉक्टर म्हणाले की गेलं ते परत येणार नाही, पण कडेची नजर टिकेल. वर्ष होऊन गेलं, आधी त्या तुम्हाला कशाबशा स्वतःच लिहायच्या. स्वयंपाक, जिना, नळ, सगळं त्या बोटांनी करतात आणि बरं करतात. तुम्हाला कळलं तर तुम्ही येऊन घराला कुलूप लावाल आणि त्यांना घेऊन जाल, ही एकच भीती. त्या घरात त्या एकटीच्या हिमतीवर राहिल्या आहेत.

तुमची पत्रं मीच वाचते. पाकीट आलं तेव्हा मी माहेरी गेले होते, भावाचं आजारपण होतं. त्यांनी माझ्यासाठी थांबायला हवं होतं. पण 'माझी खोली', मिरीचं नाव आणि मुलं वाट बघत आहेत, एवढंच त्यांना भिंगाखाली कसंबसं लागलं, मधलं लागलं नाही. मांजर कडेच्या नजरेत आलं असावं. बाकी त्यांनी अंदाजाने लिहिलं. मुलांच्या खोलीत खिडकी असणारच, असं त्यांना वाटलं.

मोठ्या माणसांच्या मध्ये बोलते आहे, पदरात घ्या. ताईंना दुखवू नका, एवढं या शेजारणीचं ऐका.

आपली,
खालच्या मजल्यावरची वहिनी

१६ ऑगस्ट

चि. भाऊस,

अ. उ. आ. वि.

वहिनींनी तुला लिहिलं, हे त्यांनी आज स्वतःच मला सांगितलं आणि आता माझ्यासमोर बसून रडत रडत हे पत्र लिहीत आहेत. मी त्यांना म्हणाले की शाई पसरेल. रागावले नाही. खरं तर हलकं वाटलं.

तू अजून काही लिहिलेलं नाहीस, म्हणजे तू गाडीची वेळ बघत असशील. येऊ नकोस. माझ्या डोळ्यांचं आपण नंतर बघू. आधी त्या मुलीचं बघ.

मी तिच्याशी खोटं वागले. मुलांना कमी-जास्त शाबासकी चालते, पण न बघता दिलेली चालत नाही, ती त्यांना लगेच कळते. तेव्हा तिला खरं काय ते सांग. सांग की मास्तरांच्या ताईला दिसत नाही आणि ते कबूल करायची तिला लाज वाटली. आणि विचार की तिची खोली ती मला शब्दांत सांगेल का. ती बोलेल तसं लिहून घे. तिचं व्याकरण सुधारू नकोस, तिची वाक्यं सरळ करू नकोस. एकदा तरी माझं ऐक.

ती नाही म्हणाली तर तोही तिचा हक्क आहे.

मी बरी आहे. जेवते, झोपते, आणि आता लपवायला काही उरलं नाही म्हणून जरा मोकळी बसते. जीव लावतोस तसाच लावत जा.

तुझी,
ताई

२५ ऑगस्ट

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझ्या डोळ्यांबद्दल मला जे लिहायचं आहे ते लिहिता येत नाही. तुझ्या अक्षराच्या जागी दुसऱ्याचं अक्षर आलं आणि मी मुरगळलेल्या मनगटावर विश्वास ठेवून बसलो. ते भेटीतच बोलू.

मिरीला मधल्या सुट्टीत वर्गात थांबवलं. तू सांगितलंस तसं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं की ताईंना अजिबात दिसत नाही की थोडं दिसतं. मी म्हणालो, कडेचं दिसतं. मग ती म्हणाली, लिहा. खाली लिहिलं आहे ते तिचं. एक शब्द बदललेला नाही, आणि का बदलला नाही ते तुला वाचताना कळेल.

'ताई, मी मिरी. माझी खोली अशी आहे. दिवा बंद केला की खोली नसते, फक्त दार असतं. दार तपकिरी आहे. मी खाली गादीवर झोपते म्हणून दार खूप मोठं दिसतं, वरपर्यंत. दाराच्या खाली फट आहे, तिच्यातून बाहेरचा उजेड येतो, तो पिवळा. आई दवाखान्यात नर्स आहे. तिची रात्रीची पाळी असते. ती मला झोपवून बाहेर जाते, पण लगेच जात नाही. दाराबाहेर उभी राहते आणि ऐकते मी झोपले का. तेव्हा तिचे पाय फटीत दिसतात. दोन. पायांच्या जागी उजेड नसतो. मी झोपल्यासारखी पडते, म्हणजे तिला उशीर नको व्हायला. मग पाय जातात आणि उजेड पूर्ण होतो. मग आजी येऊन झोपते. मी पाय असतानाचं चित्र काढलं होतं. सरांनी पिवळा रंग लावला आणि पाय पुसले. म्हणजे आता आई गेलेली आहे. मी ती गेल्यावरचं काढलं नव्हतं. ते मला काढायचं नव्हतं. तुम्ही खिडकी म्हणालात त्याचा मला इतका राग नाही आला. तुम्हाला दिसत नाही. सरांना दिसतं.'

ताई, हे लिहिताना माझा हात थांबला. ती म्हणाली, सर, लिहा ना, पुढे विसरेन.

जन्मभर मी रेषेतली फट दिसली की भरली. फट म्हणजे चूक, एवढंच मला ठाऊक होतं. ते चित्र माझ्या टेबलावर आठवडाभर होतं, मी त्याची लांबी-रुंदी सांगू शकेन. आणि तुझ्यावर उखडलो की तू पाकीट उघडलं होतंस का.

मी तिला म्हणालो की माझं चुकलं. तिने एवढंच विचारलं की तो रंग निघतो का. मी सांगितलं, निघणार नाही. आता काय करायचं ते मला सुचत नाही, आणि यावेळी मला उगाच काही सुचवूनही घ्यायचं नाही. तूच सांग.

तुझ्या रागाची तयारी आहे. मला टाकू नकोस.

तुझा,
भाऊ

२ सप्टेंबर

चि. भाऊस,

अ. उ. आ. वि.

वहिनींनी मिरीचं पत्र चारदा वाचलं. मला ते चित्र आता दिसतं, तुझ्या कुठल्याही नकाशापेक्षा स्वच्छ.

तुला रागावणार नाही. तू आज जसा बसला आहेस तसं मी माझ्या वर्गांत किती वेळा बसले असेन, आणि किती वेळा मला कळलंही नसेल. सगळी चित्रं परत पाठवते आहे. मिरीचं तिच्या हातात दे, तुझ्या टेबलावर ठेवू नकोस. तिला काही सुचवू नकोस. रंग समोर असू देत आणि तू दुसरीकडे बघ.

आणि ऐक. सत्र संपताना शाळांत चित्रांचं प्रदर्शन असतंच, तुमच्याकडच्या प्रदर्शनाला मी येते. वहिनी गाडीत बसवून देतील, तू उतरवून घे. परतीचं तिकीट आधी काढलेलं असेल आणि ते माझ्या पिशवीत राहील. माझ्या घराच्या किल्लीचा विषय काढलास तर पहिल्या गाडीने परत फिरेन. मुलांनी मला आपापली चित्रं सांगायची, हे माझं येण्याचं भाडं समज.

येईपर्यंत मनाला लावून घेत बसू नकोस. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई

१४ ऑक्टोबर

सौ. वहिनींस,

सा. न. वि. वि.

ताई सुखरूप पोहोचली, आठवडाभर राहिली आणि उद्या परत निघते आहे. गाडीवर तुम्ही असालच, म्हणून हे पत्र तिच्याच पिशवीत ठेवतो. किल्लीचा विषय मी काढला नाही. जिन्याला कठडा आणि न्हाणीघरात धरायला दांडा, एवढ्याला तिने होकार दिला आहे. तो नकाशा मात्र मीच काढणार.

प्रदर्शनाचं तुम्हाला सांगतो, कारण ती सांगेल तेव्हा स्वतःला वगळून सांगेल. वर्गातली बाकं भिंतीला लावून मधे तिला खुर्ची दिली होती. मुलं एकेक करून चित्र घेऊन यायची आणि सांगायची. बस चालवणाऱ्याचा मुलगा तीन डोळ्यांबद्दल इतकं बोलला की मागची मुलं कंटाळली. मुख्याध्यापिका मला हळूच म्हणाल्या की वेळ फार जातो आहे. मी म्हणालो, जातो आहे खरा.

मिरी शेवटी आली. तिने ते जुनं चित्र नव्याने काढलं नव्हतं. पिवळ्या पट्टीवर तपकिरी रंगाने पाय पुन्हा काढले होते, आणि या खेपेला पायांत चपला होत्या. ताईने विचारल्यावर म्हणाली की आई इतके दिवस दाराबाहेर उभी आहे, फरशी गार असते.

ती बोलत असताना ताईची मान खिडकीकडे वळलेली होती. मिरी मधेच थांबली आणि म्हणाली, तुम्ही बाहेर बघताय. तिचा चेहरा मला ओळखू आला, निळ्या आकाशाच्या दिवशीचा. ताई म्हणाली की नाही, मी तुझ्याकडेच बघते आहे. समोर पाहिलं तर तू धुरात जातेस, खिडकीकडे पाहिलं की तू कडेला दिसतेस, तुझा हातही दिसतो आणि चित्राची पिवळी पट्टीही दिसते. मिरीने थोडा विचार केला. मग चित्र आणखी कडेला, ताईच्या गालाजवळ नेऊन धरलं आणि विचारलं की चपला दिसतात का. ताई बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली आणि म्हणाली की डावी जरा मोठी आहे.

ती खरंच मोठी आहे, वहिनी.

मग बघता बघता सगळा वर्ग मान खिडकीकडे वळवून हातातल्या चित्रांकडे बघायला लागला. मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांना काय चाललंय ते कळेना. मी कसं समजावणार? मीही मान वळवून बघत होतो. मला नुसती खिडकी दिसली, आणि बाहेर वाळत घातलेली कुणाची तरी चादर. ताईला तसं सांगितलं तर ती म्हणाली, तुला वेळ लागेल.

बाईंची रजा आणखी एका सत्राने वाढली आहे. तुम्ही ताईला सांभाळता, ते शब्दांत फेडण्यासारखं नाही. या घरालाही आपलंच समजा.

आपला,
भाऊ